पाट्या अनेक, बायबल एक

अकोल्यात चर्चच्या फाटकावर 'अलायन्स' हे नाव वाचून नवखा माणूस हटकून विचारतो, "काहो भाऊ, ही युती कोनाची कोनासंग हाय?" निवडणुकांनी आपल्या कानांना सवयच तशी लावली आहे. अमरावतीत सीएनआयची पाटी दिसते, मेळघाटाच्या वाटेवर बॅप्टिस्ट, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, वाशीमला नाझरीन. नाताळात मात्र सगळीकडे तोच कागदी तारा, तीच गव्हाण आणि ना. वा. टिळकांची तीच भजनं. मग शेजारी हळूच दुसरा प्रश्न विचारतो, "तुमच्यातबी जाती असतेत का?"

या जाती नव्हेत आणि राजकीय पक्षही नव्हेत. ही सगळी प्रोटेस्टंट चर्चेस आहेत. त्यांचा देव एक, बायबल एक आणि मराठी भाषांतरही बहुधा एकच. फरक आहे तो दोन प्रश्नांच्या उत्तरांत. नेमकं काय मानायचं, हा पहिला प्रश्न. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हा दुसरा. पहिल्याला सिद्धांत म्हणतात, दुसऱ्याला कारभार. ही बैलजोडी आहे, एक अडला की दुसराही पुढे जात नाही. पाटीवरचं प्रत्येक नाव म्हणजे या दोन प्रश्नांना कोणी तरी, कधी तरी, भांडून मिळवलेलं उत्तर आहे.

पोप नाही, मग शेवटचा शब्द कोणाचा?

१५१७ साली जर्मनीतल्या विटेनबर्ग गावी मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूनं ९५ मुद्दे मांडून रोमच्या चर्चला जाब विचारला. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिचं नाव प्रोटेस्टंट. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की अंतिम अधिकार पोपचा नाही, बायबलचा आहे. आणि देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ पुरोहिताची गरज नाही, कारण प्रत्येक विश्वासणारा स्वतःच याजक आहे.

ऐकायला सोपं वाटतं. पण ग्रंथ स्वतः बोलत नाही, तो वाचावा लागतो. आणि वाचणारे दहा जण असले की अर्थ दहा निघतात.

वऱ्हाडच्या माणसाला हे समजायला जर्मनीपर्यंत जायला नको. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं क्षेत्र. चक्रधरांची वचनं सगळ्यांना सारखीच प्रमाण होती, पण पुढे त्यांच्या अर्थावरून आणि आचारावरून आचार्यांच्या परंपरा वेगळ्या झाल्या. परंपरा तेरा आम्नाय सांगते. त्यांपैकी उपाध्ये आणि कवीश्वर हे आज ठळक राहिले. मूळ वचन एक आणि आम्नाय अनेक, हा अनुभव या मातीला नवा नाही. प्रोटेस्टंटांचे पंथ हे साधारण असेच आम्नाय समजा.

सगळी मतं सारख्या वजनाची नसतात

मतभेद समजून घ्यायचे तर आधी त्यांचे थर पाहावे लागतात. कपाशीचं उदाहरण घेऊ. काळी जमीन सगळ्यांची सारखी असते. तिच्यात कोणी देशी वाण लावतो, कोणी बीटी. आणि दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, हे ज्याचा तो ठरवतो.

चर्चच्या मतांचे थरही असेच तीन. सर्वांत खाली जमीन. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्याचं त्रैक्य. येशूचा मृत्यू आणि पुनरुत्थान. त्याच्यावरच्या विश्वासानं तारण. इसवी सनाच्या चौथ्या शतकात नायसियाच्या सभेपासून हे मुद्दे सूत्ररूपात बांधले गेले. अशा सूत्राला मराठी मंडळी 'विश्वासांगीकार' म्हणतात. अकोला असो की अमरावती, या थरावर मतभेद नाही.

दुसरा थर वाणाचा. बाप्तिस्मा कोणाला आणि कसा द्यायचा, प्रभुभोजनाचा अर्थ काय, आजारी माणूस प्रार्थनेनं बरा होतो का, पवित्र आत्म्याची दानं आजही मिळतात का. पंथ वेगळे झाले ते बहुतेक इथे.

तिसरा थर ओळींतल्या अंतराचा. चपला बाहेर काढायच्या की नाही, डोक्यावर पदर हवा का, पेटी-तबला की गिटार, प्रभुभोजनाचा द्राक्षरस एकाच प्याल्यातून की इवल्या इवल्या पेल्यांतून. या गोष्टी बदलल्या म्हणून कोणी पंथाबाहेर जात नाही. मात्र भांडणाचा आवाज थर पाहून लागत नाही, पदर आणि गिटारवरूनही तो बराच चढू शकतो.

रेशन कार्ड की मतदार यादी?

दुसऱ्या थरातला सर्वांत जुना वाद पाण्याचा आहे. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा पाण्याचा विधी. तो तान्ह्या बाळाला द्यायचा की कळत्या माणसाला?

एक बाजू म्हणते, बाप्तिस्मा हे रेशन कार्डासारखं आहे. घरात मूल जन्मलं की त्याचं नाव कार्डावर चढतं. ते चढावं म्हणून मूल अर्ज करत नाही, कुटुंब करतं. देवाची कृपा आधी येते, माणसाला समज नंतर येते. मूल मोठं झालं की ते सर्वांसमोर उभं राहून हा विश्वास आपला म्हणतं. या विधीला दृढीकरण म्हणतात. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट या बाजूचे. पाणी कपाळावर शिंपडलं तरी त्यांना चालतं.

दुसरी बाजू म्हणते, बाप्तिस्मा ही मतदार यादी आहे. वय झाल्याशिवाय आणि स्वतः अर्ज केल्याशिवाय नाव येत नाही. विश्वास उसना घेता येत नाही, मग आईबापांच्या विश्वासावर बाळाला बाप्तिस्मा कसा द्यायचा? त्यामुळे आधी विश्वास, मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. बॅप्टिस्ट या बाजूचे.

आता अलायन्सच्या कोड्याकडे येऊ. आल्बर्ट बेंजामिन सिम्पसन हे मूळचे कॅनडाचे प्रेस्बिटेरियन पाळक. न्यू यॉर्कमधल्या प्रतिष्ठित मंडळीचा पाळक म्हणून त्यांना भरघोस पगार होता. बायबल वाचता वाचता त्यांचं मत पालटलं, बाप्तिस्मा कळत्या वयातच हवा असं त्यांना पटलं आणि त्यांनी स्वतः पुन्हा बुडवून बाप्तिस्मा घेतला. रेशन कार्डवाल्या पंथाचा पाळक मतदार यादीच्या बाजूला गेल्यावर त्याच खुर्चीवर बसणं शक्य नव्हतं. १८८१ साली त्यांनी राजीनामा दिला.

पुढे १८८७ मध्ये त्यांनी दोन संघटना उभ्या केल्या आणि १८९७ मध्ये त्या एक होऊन 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' झाली. नवा पंथ काढायचा नाही, वेगवेगळ्या पंथांच्या माणसांनी आपापल्या चर्चमध्ये राहून प्रसारासाठी एकत्र यायचं, ही मूळ कल्पना. येशू तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा, या चार सूत्रांवर ती युती झाली. हळूहळू युतीच्याच मंडळ्या झाल्या, पाळक झाले, नियम झाले. अमेरिकेत तिनं अधिकृतपणे स्वतःला पंथ म्हटलं ते १९७४ साली. तेव्हा अकोल्यातल्या त्या नवख्या माणसाला उत्तर असं, की ती सगळ्या पंथांच्या माणसांची युती होती आणि शेवटी तिचाच एक पंथ झाला.

याच थरातला दुसरा वाद आपल्या महाराष्ट्रात पेटला. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली रडून पापं कबूल करू लागल्या आणि पुढे काही जणी न शिकलेल्या भाषांत बोलू लागल्या, असं तिथल्या वृत्तांतांत नोंदलं आहे. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर पेंटेकोस्टल चळवळ गाजली ती त्यानंतरच्या वर्षी. अशी भाषा बोलणं हीच आत्म्यानं भरल्याची खूण का? पेंटेकोस्टल हो म्हणाले. अलायन्सनं मधला मार्ग धरला: हे दान खरं असू शकतं, पण तीच एकमेव खूण नव्हे. दोन्हींकडे बायबल तेच होतं.

पाळकांची बदली कोण करतं?

आता दुसरा बैल, म्हणजे कारभार. तत्त्व सांगत बसण्यापेक्षा एक व्यवहारातला प्रश्न घेऊ, तो गुरुजींपासून तलाठ्यांपर्यंत सगळ्यांना कळतो: बदली कोण करतं? त्याला एक जोडप्रश्न: पाळक चुकीचं शिकवतात अशी तक्रार असेल तर ती कोणाकडे जाते? या दोन प्रश्नांनी कुठल्याही चर्चचा कारभार ओळखता येतो.

*पहिली तऱ्हा: बिशपची.* बिशप म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारा धर्माध्यक्ष. त्याच्या क्षेत्राला डायोसिस म्हणतात. जुन्या बिशपांनी नव्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला दीक्षा द्यायची, अशी ही हातांची साखळी थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत पोचते, असं अँग्लिकन मानतात. मठाची गादी आणि जिल्हाधिकाऱ्याची खुर्ची, या दोन्हींचा थोडा थोडा अंश बिशपमध्ये असतो. गादीसारखी परंपरा आणि खुर्चीसारखं कार्यक्षेत्र. इथे बदलीचा आदेश बिशपकडून निघतो आणि तक्रारही वर बिशपकडे जाते.

मेथडिस्ट या तऱ्हेची वेगळी आवृत्ती वापरतात. त्यांच्याकडे बिशप असतो, पण हातांच्या साखळीवर भर नसतो. पाळक आणि मंडळ्यांचे प्रतिनिधी वार्षिक परिषदेला जमतात आणि तिथे कोणाची नेमणूक कुठे, हे वाचून दाखवलं जातं. आपलं नाव कोणत्या गावापुढे येतं याची तिथे बसलेल्या पाळकाच्या घरच्यांना किती धाकधूक असेल, हे शिक्षकांच्या घरात सांगायला नको.

*दुसरी तऱ्हा: वडिलांची.* इथे 'वडील' म्हणजे बाप नव्हे. मंडळीनं निवडलेल्या जाणत्या माणसांना बायबलच्या मराठी भाषांतरात हाच शब्द आहे. ग्रीकमध्ये वडिलांना 'प्रेस्बुतेरॉस' म्हणतात, त्यावरून प्रेस्बिटेरियन. ही पद्धत पंचायत राजसारखी आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, तशी इथे स्थानिक वडीलमंडळ, त्यावर अनेक मंडळ्यांची प्रेस्बिटरी, त्यावर सिनॉड. सिनॉड म्हणजे प्रतिनिधींची मोठी सभा. कुठल्याच पायरीवर एकटा माणूस बसत नाही, समिती बसते. पाळकाला मंडळी बोलावणं पाठवते आणि प्रेस्बिटरी त्याला मान्यता देते. खालच्या पायरीचा निकाल पटला नाही तर वरच्या पायरीवर अपील करता येतं.

*तिसरी तऱ्हा: मंडळीची.* ही सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेची पद्धत. एक सभासद, एक मत. पाळक नेमायचा की काढायचा, अंदाजपत्रक पास करायचं की नाही, हे सर्वसाधारण सभा ठरवते. वरची संघटना सल्ला देते, हुकूम देत नाही. बॅप्टिस्ट असे चालतात. महाराष्ट्रात १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचा मूळ संप्रदायही याच वळणाचा, त्याचं नावच काँग्रिगेशनल, म्हणजे मंडळीसत्ताक. इथे 'बदली' हा शब्दच लागू पडत नाही. पाळक येतो तो बोलावणं आलं म्हणून, आणि जातो तो दुसरीकडून बोलावणं आलं म्हणून किंवा इथलं बहुमत संपलं म्हणून. तक्रारीचा निकालही त्याच सभेत लागतो.

अलायन्सची तऱ्हा दुसरी आणि तिसरी यांच्या मिश्रणाची: स्थानिक वडीलमंडळ, सभासदांची वार्षिक सभा आणि त्यांच्यावर प्रतिनिधींची मोठी सभा.

तिन्ही तऱ्हांना आपापली दुखणी आहेत. बिशपच्या पद्धतीत निर्णय लवकर होतो, पण एकाच खुर्चीत सत्ता साचते. वडिलांच्या पद्धतीत समतोल असतो, पण समित्यांचा गुंता होतो. मंडळीच्या पद्धतीत प्रत्येकाला आवाज मिळतो, पण गावातले गट-तट प्रार्थनागृहात शिरायला वेळ लागत नाही. सहकार पाहिलेल्या वऱ्हाडाला हे नव्यानं सांगायला नको.

स्कॉटलंडचं भांडण वऱ्हाडात कसं आलं?

ही उत्तरं सातासमुद्रापार तयार झाली. तिथल्या लोकांचे प्रश्न तिथले होते.

स्कॉटलंडमध्ये गावचा जमीनदार मंडळीवर आपल्या पसंतीचा पाळक लादू शकत असे. १८४३ साली तिथल्या प्रेस्बिटेरियन राष्ट्रीय चर्चचे सुमारे एक तृतीयांश पाळक या मुद्द्यावर घर-पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन त्यांच्यासोबत गेले आणि त्यापायी त्यांना आपल्या शाळेची नवी इमारत सोडावी लागली. १८४५ मध्ये नागपुरात मिशन सुरू करणारे स्टीफन हिस्लॉप याच फ्री चर्चचे. म्हणजे विदर्भातल्या प्रोटेस्टंट कामाचा एक मोठा धागा 'पाळक कोण नेमणार?' या भांडणातून आला आहे.

यवतमाळच्या पाटीवरचा 'फ्री' वेगळा. अमेरिकेत काही मेथडिस्ट चर्चमध्ये बाकांचं भाडं घेत. पैसेवाले पुढे, गरीब मागे. बी. टी. रॉबर्ट्स यांनी त्याविरुद्ध आणि गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला, त्यांना काढून टाकण्यात आलं आणि १८६० मध्ये फ्री मेथडिस्ट चर्च जन्मलं. बाक फुकट, म्हणून 'फ्री'. याच चर्चचे अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड १८८१ मध्ये भारतात आले आणि बऱ्हाणपूर-एलिचपूर भागात फिरले. एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर. पुढे यवतमाळ हे या चर्चचं मुख्य ठाणं झालं. १९५३ मध्ये तिथे अनेक पंथांनी मिळून युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी केली, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली.

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. रुळांच्या मागोमाग मिशनरी आले. अकोल्यात मार्क आणि जेनी फुलर हे अमेरिकन दांपत्य १८८०च्या दशकात काम करू लागलं आणि पुढे अलायन्सशी जोडलं गेलं. जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरच्या पुस्तकाला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अकोल्याला मुलांचं आणि खामगावला मुलींचं अनाथगृह भरून गेलं. मेळघाटच्या कोरकूंमध्ये वेगळं मिशन होतं. १९४०च्या दशकात ते काम अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्टांकडे गेलं.

एकमेकांच्या शेतात शिरायचं नाही म्हणून मिशनांनी मुलूख वाटून घेतले. त्याचा परिणाम मजेशीर झाला. स्कॉटलंडमध्ये माणूस भांडून फ्री चर्चमध्ये गेला होता आणि न्यू यॉर्कमध्ये सिम्पसन यांनी मत बदलल्यावर नोकरी सोडली होती. वऱ्हाडात मात्र आपण बाप्तिस्म्याबद्दल काय मानतो, हे बहुतेक वेळा आपला तालुका कोणत्या मिशनच्या वाट्याला आला यावर ठरलं. पुढे नोकरी-शिक्षणासाठी माणसं शहरात आली, त्यांच्यासोबत पाट्याही आल्या.

या वाटणीत गाभ्याचा प्रश्न दबून राहिला. मिशनरी सभा इंग्रजीत व्हायच्या, पगार परदेशातून यायचा, मग निर्णय कोणाचा? अमेरिकन मराठी मिशनच्या अमेरिकेतल्या मूळ संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये मराठी मुलखात आले, तेव्हाच त्यांचा आग्रह होता, की स्थानिक मंडळीनं स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा. हे प्रत्यक्षात उतरायला पुढची शंभर वर्षं लागली. मधल्या काळात १९१७ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही येशूचे शिष्य म्हणून बसू शकत. पाटीशिवायची मंडळी, हे त्यांचं उत्तर. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची भजनं मात्र सगळ्या पाट्यांखाली टिकली.

सहांचं एक: नागपूर, १९७०

वेगळी झालेली माणसं पुन्हा एकत्र येतात तेव्हा काय होतं, याचा मोठा प्रयोग नागपुरात झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चेस मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे सीएनआय, झालं. बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे एकेचाळीस वर्षं. त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स होते, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट होते. आणि १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून झालेलं युनायटेड चर्चही होतं. हिस्लॉपचं प्रेस्बिटेरियन नाव आज विदर्भात पाटीवर सहसा दिसत नाही ते यामुळे. ते सीएनआयच्या पोटात आहे.

बाप्तिस्म्याचा तिढा कसा सोडवला? रेशन कार्ड आणि मतदार यादी, दोन्ही चालतील असं ठरलं. बाळाचा बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण, किंवा बाळाला नुसता आशीर्वाद आणि कळत्या वयात बाप्तिस्मा. कोणता मार्ग घ्यायचा ते कुटुंबानं ठरवायचं.

कारभाराचा तिढा तीन तऱ्हा एकत्र करून सोडवला. बिशप ठेवला, पण तो निवडून येणारा आणि घटनेनं बांधलेला. वडिलांच्या पद्धतीतून समित्या आणि सिनॉड घेतला. मंडळीच्या पद्धतीतून स्थानिक सभासदांच्या सभेला स्थान दिलं. पाळकांच्या दीक्षा वेगवेगळ्या परंपरांच्या होत्या, म्हणून एका खास विधीत एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून त्या सर्वांच्या केल्या गेल्या.

अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. १९८१ मध्ये त्यांनी 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' हे नाव घेतलं. अलायन्स, फ्री मेथडिस्ट आणि नाझरीनही या एकीत आले नाहीत.

मत मंडळीचं, सातबारा कायद्याचा

सिद्धांत कितीही उंच असला तरी चर्च जमिनीवर उभं असतं, आणि जमिनीला मालक लागतो. मिशनरी गेले तेव्हा बंगले, शाळा, दवाखाने आणि मोक्याच्या जागा मागे राहिल्या. त्यामुळे आजचे पुष्कळ वाद बाप्तिस्म्यापेक्षा विश्वस्त कोण, यावर अडतात.

महाराष्ट्रात चर्चची मालमत्ता बहुधा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते, मंदिरांच्या ट्रस्टसारखीच. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. जागा विकायची किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिशपची सही असो की वडीलमंडळाचा ठराव, ही पायरी टळत नाही.

याचा मोठा धडा शेजारच्या गुजरातमधून आला. १९७० मध्ये तिथल्या ब्रदरन मंडळींनी सीएनआयमध्ये सामील व्हायचा ठराव केला. पुढे काही ब्रदरन म्हणाले, आम्ही वेगळेच आहोत आणि मालमत्ता आमची आहे. खटले दशकानुदशकं चालले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ब्रदरनच्या बाजूनं निकाल दिला. नोंदलेल्या ट्रस्टची मालमत्ता नुसत्या ठरावानं दुसऱ्याकडे जात नाही, विसर्जनाची आणि हस्तांतराची कायद्यातली रीत पाळावी लागते, असा त्याचा आशय. एकी कोणत्या सिद्धांतावर झाली हे न्यायालयानं तपासलं नाही, कागद तपासले.

चर्चच्या कारभारातला फरक कायद्यालाही दिसतो. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आजही लागू आहे. त्यात लग्न लावू शकणाऱ्यांच्या यादीत बिशपकडून दीक्षा मिळालेला पाळक आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचा पाळक यांना वेगळं स्थान आहे, इतर पाळकांना सरकारी परवाना लागतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज सरकारला कोण आपला आणि कोण परका वाटे, याची नोंद आजही अमरावतीच्या लग्नमंडपात हजर असते.

थोडक्यात

| प्रश्न | बिशपची तऱ्हा | वडिलांची तऱ्हा | मंडळीची तऱ्हा |
|---|---|---|---|
| शेवटचा शब्द | बिशप, परिषद किंवा सिनॉडसह | निवडलेल्या वडिलांच्या सभा | सभासदांची सर्वसाधारण सभा |
| पाळकांची नेमणूक | वरून | मंडळीचं बोलावणं, वरून मान्यता | मंडळीच्या मतानं |
| ओळखीचं उदाहरण | गादी आणि जिल्हाधिकारी | पंचायत राज | सहकारी संस्था |
| कुठे दिसते | अँग्लिकन, मेथडिस्ट (वेगळ्या रूपात) | स्कॉटिश परंपरा | बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल |

सीएनआय: तिन्हींचं मिश्रण, निवडलेला बिशप. अलायन्स: दुसरी आणि तिसरी यांचं मिश्रण.

वाचकांसाठी एक काम

तुम्ही यांपैकी कुठल्याही मंडळीचे सभासद असाल, तर पुढच्या वार्षिक सभेआधी तीन गोष्टी पाहून ठेवा. आपल्या चर्चच्या घटनेची प्रत कोणाकडे आहे? तिच्यानुसार पाळक नेमण्याचा आणि पैसे खर्चायचा अधिकार कोणाचा? आणि धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत आज विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत? सभासद नसाल, तर आपल्या देवस्थानाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या बाबतीत हेच प्रश्न विचारून बघा. ल्यूथरनं ग्रंथ सामान्य माणसाच्या हाती दिला. घटना हाती घेण्याचं काम सामान्य माणसालाच करावं लागतं.